यंत्र पान लिहील, पण तपासणार कोण?

बारावी झालेल्या मुलामुलींना 'वेब डिझाइन'च्या क्लासला घालावे का, हा प्रश्न अनेक घरांत असतो. त्यातच कुणीतरी सांगते, आता सारे यंत्रच करते. हाताने कोड लिहिण्याचे दिवस गेले.

ही हाकाटी नवी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची पाने लिहिण्यासाठी एचटीएमएल तयार केली आणि १९९१ साली वेब जगाला खुले झाले. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज विकत घेतले, १९९७ मध्ये ड्रीमवीव्हर आले. माऊस फिरवा, पान तयार! हाताने लिहिणे संपले, असे तेव्हाही म्हटले गेले. प्रत्यक्षात २००६ साली फ्रंटपेजच बंद झाले. एचटीएमएल आजही आहे. पुढे २००३ मध्ये वर्डप्रेस आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. आता काय हवे ते सांगितले की कोड समोर येतो.

मग कालबाह्य काय झाले? साधे पान अक्षर न् अक्षर टाइप करण्याचे श्रम. तेवढ्यावर नोकरीची आशा धरू नये. मात्र ज्ञानाची गरज संपलेली नाही. टॅली आले म्हणून नावे-जमा कळण्याची गरज संपली का? नोंद चुकीच्या खात्यात गेली तरी संगणकाची बेरीज जुळतेच. चूक माणसालाच शोधावी लागते.

कोडचेही तसेच. पान दिसायला ठाकठीक असते, पण मराठी मजकुराची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदलेली असली, तर अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अडखळते. फोटोचे वर्णन कोडमध्ये नसले, तर त्या वाचकाला फोटो कळत नाही. हे दोष नुसते पान पाहून दिसत नाहीत. कोड वाचता येणाऱ्याला सापडतात.

म्हणून पालकांनो, फी भरण्यापूर्वी विचारा, येथे पान हाताने लिहायला शिकवतात, की फक्त एक सॉफ्टवेअर? एकाच सॉफ्टवेअरवर बेतलेले शिक्षण त्याच्याबरोबरच जुने होते. सुरुवातीला तर फीचीही गरज नाही. संगणकावरचे नोटपॅड आणि ब्राउझर पुरतात. मोझिलाच्या एमडीएन संकेतस्थळावर इंग्रजीतून विनामूल्य धडे आहेत. थोरल्या भावंडांनी धाकट्यांना ते समजावून द्यावेत.

एक महिना हाताने लिहा. मग यंत्राकडून खुशाल काम करून घ्या. पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे सांगता आलेच पाहिजे.