विश्लेषण : २५ पैकी २२ सामने हरलेल्या संघापुढे रेजनी सावध का राहावे?

गुरुवारी रात्री हैदराबादेत काय झाले ते ताजेच आहे. आठपैकी सात सामने हरलेल्या बंगळूरुने सनरायझर्सला त्यांच्याच मैदानावर ३५ धावांनी हरवले. याच सनरायझर्सनी दहा दिवसांपूर्वी त्याच बंगळूरुविरुद्ध २८७ धावा कुटल्या होत्या. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलमध्ये आजपासून अशीच एक लढत सुरू होते आहे. एका बाजूला टॅम्पा बे रेज, दुसऱ्या बाजूला यजमान शिकागो व्हाइट सॉक्स. तीन सामन्यांची मालिका असून पहिला सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे सुरू होईल. रेजच्या बऱ्याच चाहत्यांनी तिन्ही सामने आधीच आपल्या खात्यात जमा केले असतील. ही घाई चुकीची आहे.

व्हाइट सॉक्सची अवस्था किती वाईट?

फार वाईट. २५ सामन्यांत तीन विजय आणि २२ पराभव. गेले सलग सात सामने ते हरले आहेत. आधी फिलाडेल्फियात तीन, मग मिनेसोटात चार. २०२१ मध्ये याच संघाने ९३ सामने जिंकून आपला विभाग जिंकला होता. २०२३ मध्ये तो १०१ सामने हरला. हंगामाच्या तोंडावर, मार्चमध्ये, त्यांनी आपला सर्वोत्तम पिचर डिलन सीज सॅन दिएगोला देऊन टाकला. त्यानंतर लुइस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा हे दोन महत्त्वाचे फलंदाज दुखापतीने बाहेर गेले. हंगामाचा पहिलाच सामना ते १-० असा हरले. पिचरने आपले काम चोख केले, फलंदाजांना एक धावही जमली नाही. तेव्हापासूनचे रडगाणे साधारण हेच आहे.

मग भीती कशाची?

बेसबॉलमध्ये ‘संघ’ रोज बदलतो. टी-ट्वेंटीत एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके मिळतात. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर जमला तर एकटाच प्रतिस्पर्ध्याचे पाच-सहा डाव, म्हणजे निम्म्याहून अधिक सामना, खाऊन टाकतो. पण तो पुन्हा मैदानात येतो पाचव्या दिवशी. त्यामुळे गुणतक्त्यात तळाला असलेला संघही त्याचा चांगला पिचर उभा असेल त्या दिवशी तळाचा राहत नाही. सॉक्सकडे असे दोघे आहेत. गॅरेट क्रोशे आजवर शेवटच्या डावांत येणारा राखीव पिचर होता, यंदाच तो सुरुवात करू लागला आहे. एरिक फेडी गेल्या वर्षी कोरियन लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरून परतला आहे. सॉक्सच्या तीन विजयांपैकी एक अटलांटा ब्रेव्जविरुद्धचा आहे आणि ब्रेव्जनी गेल्या वर्षी १०४ सामने जिंकले होते.

थोडी आकडेमोडही करून पाहू. रेजना प्रत्येक सामन्यात जिंकण्याची संधी तीनात दोन, असे उदारपणे मानले तरी तिन्ही सामने जिंकण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के भरते. म्हणजे किमान एक सामना हातून जाण्याची शक्यता ७० टक्के. बेसबॉलमध्ये निर्भेळ यश म्हणूनच दुर्मीळ असते. १९६२ चा न्यू यॉर्क मेट्स हा १२० पराभवांमुळे हसण्यावारी गेलेला संघ, पण त्यानेही ४० सामने जिंकले होते. चारातला एक.

रेजना हे ठाऊक नाही का?

त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार! गेल्या वर्षी त्यांनी हंगामाची सुरुवात सलग १३ विजयांनी केली. त्यांतले तीन विजय दुबळ्या ओकलंड अॅथलेटिक्सविरुद्ध होते आणि त्यांपैकी दोन सामन्यांत लागोपाठ ११-० असा धुव्वा उडवला होता. जूनमध्ये रेज ओकलंडला गेले तेव्हा ते गुणतक्त्यात सर्वांत वर होते आणि अॅथलेटिक्स सर्वांत खाली. मालिकेचे पहिले दोन्ही सामने अॅथलेटिक्सनी जिंकले, ४-३ आणि २-१. त्यातल्या दुसऱ्या सामन्याला तर, संघ लास व्हेगासला हलवू पाहणाऱ्या मालकांच्या निषेधार्थ, एरवी ओस पडणारे मैदान प्रेक्षकांनी भरून टाकले होते.

आता पुढचा हिशेब पाहा. हंगामाअखेर बाल्टिमोरचे विजय १०१, रेजचे ९९. विभागाचे विजेतेपद दोन सामन्यांनी गेले. रेजना वाइल्ड कार्ड फेरीत खेळावे लागले आणि टेक्सासने त्यांना दोन सामन्यांतच घरी पाठवले. केवळ ओकलंडमुळे हे झाले असे म्हणणे बरोबर नाही. १६२ सामन्यांत दोन सामने कुठेही सापडतात. पण एप्रिलच्या सामन्याला सप्टेंबरच्या सामन्याइतकेच वजन असते, एवढे त्यातून नक्की दिसते.

यंदा गाफील राहणे जास्त महाग का?

कारण यंदाचे रेज गेल्या वर्षीचे नाहीत. टायलर ग्लासनाऊ लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. शेन मॅक्लॅनहॅन कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे हंगामभर नाही. विजय आणि पराभव जवळपास सारखेच, अशा अवस्थेत ते शिकागोत आले आहेत. शिवाय नव्या वेळापत्रकात दुसऱ्या विभागातल्या संघाशी वर्षभरात सहा-सातच सामने होतात. म्हणजे सॉक्सविरुद्धची जवळपास निम्मी संधी या तीन दिवसांत संपणार. बाल्टिमोर आणि न्यू यॉर्क यँकीजनाही सॉक्सशी तितकेच खेळायचे आहे. त्यांनी तिथे सहापैकी पाच जिंकले आणि रेजनी तीन, तर ती खोट कुठून भरून काढणार?

माझी खरी काळजी वेगळी आहे. दुबळ्या संघाविरुद्ध प्रशिक्षकाला काटकसरीचा मोह होतो. एखाद्या फलंदाजाला विश्रांती द्यावी, भरवशाचे राखीव पिचर पुढच्या मालिकेसाठी जपावेत. रेजना सोमवारपासून मिलवॉकीत खेळायचे आहे आणि ते सामने कागदावर अवघड आहेत. त्यामुळे केव्हिन कॅश यांनाही हा मोह होऊ शकतो. सामना सुरुवातीच्या पिचरवर न सोडता राखीव पिचरच्या जोरावर काढणे ही तर रेजची खासियत. ते पिचरच जपून ठेवले तर उरणार काय? पहिल्या सामन्यात सातव्या डावात एका धावेची आघाडी असेल, तर कॅश यांनी समोर यँकीज असल्यासारखाच पिचर पाठवायला हवा.

अंदाज विचाराल तर दोन सामने रेज, एक सॉक्स. मात्र पहाटे उठणार असाल तर पहिल्या तीन डावांत सॉक्सचे फलंदाज किती चेंडू सोडून देतात ते पाहा. सात पराभवांनंतर हताश झालेला संघ घाईघाईत बॅट फिरवतो. त्यांनी धीर धरून रेजच्या पिचरला भरपूर चेंडू टाकायला लावले, तर माझा अंदाज गुंडाळून ठेवा.