आयतवार कोणाचा?



तुमसरहून आंबागडला येणाऱ्या रस्त्यावर शुक्रवारी संध्याकाळी सायकलींची एक रांग दिसते. आम्ही त्या रांगेतलेच. आमच्यात एक गवंडी आहे, राईस मिलमध्ये पोती उचलणारा एक हमाल आहे, एक शाळेचा शिपाई आहे, दवाखान्यात आयाचे काम करणाऱ्या एक बाई आहेत, आणि किराणा दुकानात हिशेब लिहिणारे आम्ही आहोत. रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. मोटारसायकलवाले पुढे निघून जातात, जाऊ द्यावे. आमच्या सायकलीला पेट्रोल लागत नाही आणि गप्पांना अडथळा होत नाही.

शनिवारीही कामावर जायचेच असते. तरी शुक्रवारची गोष्ट वेगळी. 'आता एकच दिवस राहिला' एवढे म्हणता येते, आणि त्या भरवशावर पायडल हलके वाटते. गडाचा डोंगर दिसू लागला की रविवारचे बेत सुरू होतात. हा आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात बांधला गेला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आम्हाला मात्र तो डोंगर दिसला की घर जवळ आले एवढेच कळते.

जूनमधला एक शुक्रवार होता. आभाळ भरून आले होते.

"का भाऊ, या आयतवारी का बेत?" शिपायाने विचारले.

"घरावरचे कवेलू फेरायचे हायेत," गवंडी म्हणाला. "दुनियेचे घरं बांधतो, अन् माह्याच घरात पानी गरते."

हमालाला बांधीचे धुरे नीट करायचे होते, कारण पऱ्हे टाकायची वेळ आली होती. शिपायाला साळ्याच्या घरी बारशाला जायचे होते. आम्ही म्हणालो, "आम्ही तर दुपारभर झोपणार." सगळे हसले.

बाई मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "साऱ्यायचा आयतवार आयकला. माह्या आयतवाराचं कोनी इचारलं नाई."

"सांगा ना बाई," गवंडी म्हणाला.

"सांगतो ना जी. हप्त्याचे कपडे धुवायचे. गोधड्या धुवायच्या. घर सारवायचं. तांदूर निवडायचे. सरपन आनायचं. अन् आयतवारी सारे घरीच असतात, म्हनून दोन टायम जास्तीचा च्या अन् जास्तीचा सयपाक. सोमवारी दवाखान्यात गेलो का मंग माही सुट्टी सुरू होते."

या वेळी कोणी हसले नाही. रस्त्याला थोडा चढ होता, म्हणून कोणी बोलत नसावे, असे आम्ही स्वतःला समजावले.

थोड्या वेळाने हमाल हळूच बोलला. त्याची मुलगी दहावी पास झाली होती. मार्क चांगले होते. पुढचे शिक्षण तुमसरला, कॉलेज सकाळचे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, हे त्याला ठाऊक होते. पण सकाळचे पाणी भरून, भात-भाजी रांधून गाडीच्या वेळेला फाट्यावर पोहोचणे तिला कसे जमायचे? घरात सायकल एकच, तीही त्याच्या कामाची. "म्हनून या साली राहू देतो म्हनतो," तो म्हणाला. "घरचं काम कोन करन? तिची माय रोवनीले जाईन."

'या साली राहू देतो' याचा अर्थ आपल्या वस्तीत काय होतो, हे सांगायला नको. एक साल राहिलेली मुलगी पुन्हा दप्तर उचलताना आम्ही फारशी पाहिलेली नाही. पुढच्या साली पाहुणे पाहायला येतात.

गावात शिरता शिरता गवंड्याने काकाजींच्या घरापुढे सायकल थांबवली. काकाजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या सपरीत एक जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असते. टायर चिरलेले, चेन गंजलेली, पुढच्या चाकाच्या चार-पाच तारा तुटलेल्या. आम्ही सगळी हकीकत सांगितली. काकाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "न्या ना बाप्पा. खालीच तर पडली हाय."

अशा रीतीने आमचा रविवार ठरला. कवेलू सकाळी लवकर फेरायचे, धुऱ्याला सगळ्यांनी मिळून हात लावायचा, बारसे संध्याकाळचे. आमची झोप रद्द.

रविवारी दहाच्या सुमारास काकाजींच्या सपरीत सायकल उलटी केली. टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर वर्गणीतून आणले होते. चेन रॉकेलऐवजी डिझेलमध्ये बुडवून ठेवली. मागच्या चाकाचे छर्रे झिजले होते, ते बदलून ग्रीस भरले. नव्या तारा बसवून रिंगचा आऊट काढायला मात्र दुपार झाली. ते काम गवंड्याने केले. भिंत ओळंब्यात घेणाऱ्याची नजर चाकालाही उपयोगी पडली.

हात काळे झालेले पाहून काकाजींनी एक गोष्ट सांगितली. पोलाद तयार करताना त्यात मँगनीज लागते. टॉर्चच्या साध्या सेलमध्येही मँगनीजचेच संयुग असते. आपल्या तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचा माल त्याच कामाचा. "म्हंजे ही दांडी अन् समोरची बॅटरी, दोन्हीत आपल्याच खानीचा माल असू शकते," ते म्हणाले. आम्ही रोज ज्यावर बसतो त्यात आमच्याच भागातल्या माणसांचा घाम असू शकतो, हे आमच्या डोक्यात कधी आले नव्हते.

मग ते आणखी एक बोलले. "खानीत आमचे तास मोजत होते. आठ तास झाले का वर. हप्त्यातून एक दिवस सुट्टी. घरी तुमच्या काकीचे तास कोनी मोजले नाई. मीही नाई. ही सायकल चालवाले तिले शिकवतो म्हनलो होतो. राहून गेलं." काकी आता नाहीत. काकाजींनी फडके घेतले आणि मडगार्ड पुसत बसले.

वाचकहो, त्या रात्री आम्ही विचार करीत पडलो. हा रविवार आपल्याला कोणी दिला? आकाशातून तो पडलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. म्हणजे हा रविवार मागणाऱ्यांत बायाही होत्या. मिळाल्यावर मात्र तो पुरुषांनी वाटून घेतला!

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्या काळात कारखान्यांतील कामगारांना पगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ साली झाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९५२ च्या खाण कायद्याने खाणीतल्या माणसाला आठवड्यातून सहा दिवसांपेक्षा जास्त काम देण्यास मनाई केली. काकाजी जे 'तास मोजत होते' म्हणाले, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पण कायदा खाणीच्या तोंडापर्यंत येतो, कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो. आपल्या चुलीपर्यंत तो येत नाही. २०१९ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम शंभरातल्या ८१ स्त्रिया रोज करतात, पुरुष मात्र शंभरातले २६. आणि करणाऱ्यांतही बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास! दवाखान्यात, बांधीत, बांधकामावर दिवसभर राबून वर हे पाच तास. यात रविवार वजा नाही.

सायकलीने बाईचे काय होते, याचे एक उदाहरण आम्हाला ठाऊक आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरतेची मोठी मोहीम झाली. अक्षरांबरोबर बायांना सायकलही शिकवली गेली. हजारो बाया शिकल्या. शेतमजूर शिकल्या, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी मर्दानी सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येते. लोकांनी नावे ठेवली, पण कामावर वेळेत पोहोचणारी बाई टोमण्यांना थांबत नाही. शेणामातीत राबणाऱ्या आपल्या माय-बहिणी काही त्यांच्यापेक्षा कमी नाहीत.

आता सोमवारची गोष्ट. मुलीने सायकल पाहिली. तिला चालवता येत होतीच. शाळेतल्या मैत्रिणीच्या सायकलवर ती शिकली होती. तिने गावातल्या रस्त्यावर एक चक्कर मारली. बाप हसत होता, आम्ही हसत होतो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या बापाला म्हणाल्या, "भाऊ, सायकल तर नीट केली. पोरीचा वेर कोन नीट करन?"

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

"पाच वाजता उठून पानी भरन, मंग सयपाक करन, मंग बारा किलोमीटर जाईन, मंग येऊन भांडे घासन. दिवारीपर्यंत थकून घरी बसन. मंग तुमी म्हनाल का, पाहा, सायकल देल्ली तरी पोट्टी शिकली नाई."

बोलणे कडू होते, पण खोटे नव्हते. नवे टायर, नवे छर्रे घातले म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत. हमालाला एक मुलगाही आहे, नववीत. रविवारी तो क्रिकेट खेळायला जातो, आणि बहीण त्याचा गणवेश धुते. हे आम्हाला रोज दिसत होते. दिसत होते म्हणूनच कधी खटकले नाही.

आणि दुसऱ्याच्या घराकडे बोट का दाखवावे? आमच्याच घरी त्या दिवशी आम्ही झोपायचे ठरवले होते, आणि सौ. गोधड्या घेऊन बोडीवर जाणार होत्या. झोपेचा बेत आम्ही चारचौघांत मोठ्याने सांगितला होता, आणि गोधड्यांचा बेत आम्हाला माहीतसुद्धा नव्हता.

हमाल त्या दिवशी काही बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी आमच्या रांगेत एक सायकल वाढली होती. आपला वर्ग सुटल्यावर मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबली होती आणि आमच्याबरोबर परत निघाली होती. जाताना बापाच्या सोबत, येताना सगळ्यांच्या सोबत, म्हणजे अंधार पडला तरी घरच्यांना घोर नाही. पाणी आता भाऊ भरतो, असे तिने सांगितले. भात दोन दिवस बापाने लावला. "एक दिवस खाली करपला," ती म्हणाली. बाप म्हणाला, "जेवलो ना पन!" बुधवारी मात्र सगळे काम पुन्हा तिच्या मायवर पडले, हेही त्याने लपवले नाही. सवय एका आठवड्यात मोडत नाही.

त्या रविवारी आम्हीही गोधड्या घेऊन बोडीवर गेलो. दोन ओळखीच्या लोकांनी पाहिले आणि आमची थट्टा केली. आम्ही पाठ केली आणि धुणे चालू ठेवले. भिजलेली गोधडी किती जड होते, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले.

बंधूंनो, या शुक्रवारी घरी गेलात की एक कागद घ्या. येत्या रविवारी घरात जी जी कामे आहेत ती लिहा. पाणी, सरपण, धुणे, सारवण, सैपाक, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, काही सोडू नका. लिहायला घरातल्या बाईला बसवा, कारण सगळी कामे तिलाच ठाऊक असतात. मग प्रत्येक कामापुढे नाव लिहा, मुलांचेही, स्वतःचेही. आणि भगिनींनो, तुमच्यापैकी जिला सायकल येत नसेल, तिने त्याच कागदाच्या खाली तेही लिहून ठेवा. अर्धा तास पुरतो. दांडी धरायला नवऱ्याला, भावाला किंवा मुलाला लावा.

बाईंना आम्ही काल विचारले, "या आयतवारी का बेत?"

त्या म्हणाल्या, "अजून ठरला नाई. पन इचारलं, हे बरं केलं."