डॉक्टरांसमोरची मिनिटे

२०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी २२.५ मिनिटे देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे. एवढ्या वेळात मधुमेहाच्या रुग्णाने पायांची आग सांगायची, गोळ्या का परवडत नाहीत तेही सांगायचे, आणि डॉक्टरांनी त्यातून निदान करायचे! दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बाहेर रांग उभी असते.

घड्याळ सगळे सांगत नाही, म्हणून रुग्णालाच विचारायला हवे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) ते केले. १९ देशांतल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक लाखाहून अधिक रुग्णांना तिने उपचारांचा अनुभव विचारला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. या देशांत भारत नाही.

आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे बाह्यरुग्णांची संख्या, लसीकरण, प्रसूती यांची नोंद काटेकोर ठेवतात. तिथून घरी गेलेल्या बाईला औषध कसे घ्यायचे ते कळले होते का, तिला बोलू दिले का, हेही त्याच नोंदवहीत यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.