विश्लेषण : ‘सर्व्हरलेस’ सेवांच्या विदेला कुलूप कोणी लावायचे?

प्रवेश अर्ज, वीजबिल, दवाखान्याची वेळ… मोबाइलवरून होणाऱ्या अनेक कामांमागे आता कायम चालू असलेला सर्व्हर नसतो. मागणी आली की काही क्षणांपुरता कोड चालतो आणि थांबतो. त्याला लागणारी माहिती मात्र कायमस्वरूपी डेटाबेसमध्ये असते. या दोहोंमधला रस्ता खासगी आहे की सार्वजनिक, यावर लाखो लोकांच्या विदेची सुरक्षा अवलंबून असते. सोयीसाठी तो सार्वजनिक ठेवण्याची सवय मोडण्याची वेळ आली आहे.

‘सर्व्हरलेस’ म्हणजे नेमके काय?

नाव फसवे आहे. सर्व्हर असतोच, फक्त तो सांभाळण्याचे काम क्लाऊड कंपनी करते. ग्राहक आपल्या कोडचा छोटा तुकडा, म्हणजे ‘फंक्शन’, कंपनीकडे सोपवतो. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्याही अशा सेवा आहेत. गाडी विकत घेण्याऐवजी मीटरवर रिक्षा करावी तसा हा प्रकार : जेवढा वेळ कोड चालला तेवढेच पैसे. निकालाच्या दिवशी एकदम हजारो विद्यार्थी संकेतस्थळावर आले तर तेवढी फंक्शने उभी राहतात आणि गर्दी ओसरली की नाहीशी होतात. लहान कंपन्या आणि नवउद्यमींना हे परवडते, म्हणून त्याचा प्रसार झाला.

डेटाबेसशी जोडताना अडचण कुठे येते?

डेटाबेस खासगी जाळ्यात ठेवणे ही जुनी, चांगली पद्धत. क्लाऊडमधील अशा जाळ्याला ‘व्हीपीसी’ म्हणतात. कुंपण असलेल्या गृहनिर्माण सोसायटीसारखेच ते असते. आत कोण येणार, याची यादी फाटकावर असते. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरला ठरावीक आयपी पत्ता असल्याने त्याचे नाव यादीत लिहिणे सोपे होते. फंक्शनला मात्र असा कायमचा पत्ता नसतो. शिवाय वेगळे काही सांगितले नाही तर ‘लॅम्डा’ फंक्शन ग्राहकाच्या खासगी जाळ्यात चालतच नाही. ते ॲमेझॉनच्या जाळ्यात चालते. त्यामुळे ते डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही.

इथेच घोटाळा होतो. काम उद्या द्यायचे असते, जोडणी होत नसते. मग डेटाबेसचा ‘सार्वजनिक प्रवेश’ सुरू केला जातो आणि परवानगीच्या नियमात ०.०.०.०/० असे लिहिले जाते. त्याचा अर्थ ‘जगातल्या कोणत्याही पत्त्यावरून या’. जोडणी लगेच होते. ‘तात्पुरते आहे, नंतर बंद करू’ असे ठरते, पण ते ‘नंतर’ उजाडत नाही.

पासवर्ड असताना भीती कशाची?

या सवयीचे समर्थन करणाऱ्यांचा हाच युक्तिवाद असतो. पण पासवर्ड हे एकच कुलूप आहे आणि ते रस्त्यावरच्या दाराला लावलेले आहे. पोस्टग्रेसचे ५४३२ आणि मायएसक्यूएलचे ३३०६ ही नेहमीची पोर्ट सर्वांना ठाऊक आहेत. इंटरनेटवर उघडे असलेले पत्ते धुंडाळणारे स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यासाठी कोणाला खास लक्ष्य करावे लागले नव्हते. दार उघडे दिसले, एवढेच पुरे झाले.

पासवर्ड असला तरी तो गुप्त राहीलच असे नाही. २०१६ मध्ये उबरच्या अभियंत्यांच्या गिटहब खात्यातील कोडमध्ये हल्लेखोरांना क्लाऊडच्या किल्ल्या सापडल्या आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली. हे प्रकरण जगासमोर यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. डेटाबेस खासगी जाळ्यात असेल तर गळालेला पासवर्ड बाहेरून एकटा उपयोगी पडत नाही.

सुरक्षित रस्ता कसा बांधतात?

पहिली पायरी म्हणजे फंक्शनलाच खासगी जाळ्याशी जोडणे. ‘लॅम्डा’मध्ये ही सोय २०१६ पासून आहे. पूर्वी अशा जोडणीमुळे फंक्शन सुरू व्हायला बराच विलंब लागे, म्हणून अनेकांनी ती टाळली. सप्टेंबर २०१९ पासून ॲमेझॉनने जाळ्याची रचना बदलून हा विलंब मोठ्या प्रमाणात कमी केला. जुनी सबब मात्र अजूनही ऐकू येते.

दुसरी पायरी, डेटाबेसच्या फाटकावर आयपी पत्ते न लिहिता ‘सुरक्षा गट’ लिहिणे : अमुक गटातल्या फंक्शनलाच प्रवेश, इतर कोणाला नाही. पत्ता बदलला तरी ओळख बदलत नाही. तिसरी, पासवर्ड कोडमध्ये न ठेवणे. तो गुपिते सांभाळणाऱ्या स्वतंत्र सेवेत ठेवता येतो किंवा पासवर्डऐवजी तात्पुरते टोकन वापरता येते. ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत जोडणीसाठीचे असे टोकन १५ मिनिटेच चालते. चौथी, वाटेवरची माहिती कूटबद्ध ठेवणे. आणि पाचवी, प्रत्येक फंक्शनला त्याच्या कामापुरताच अधिकार देणे. निकाल दाखवणाऱ्या फंक्शनला गुण वाचता यावेत, बदलता येऊ नयेत.

ही शेवटची पायरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलमधून शिरकाव झाला. पण त्या फायरवॉलला दिलेले क्लाऊडचे अधिकार गरजेपेक्षा जास्त असल्याने नुकसान प्रचंड झाले. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांना त्याचा फटका बसला. पुढे बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. म्हणजे कुंपण हवेच, पण आतल्या प्रत्येक खोलीलाही कुलूप हवे.

जोडण्यांच्या गर्दीचे काय?

सुरक्षेत सेवा सुरू राहणेही येते. पोस्टग्रेस मुळात १०० आणि मायएसक्यूएल १५१ जोडण्यांच्या मर्यादेसह येतो. मोठ्या यंत्रावर ती वाढवता येते. दुसरीकडे ‘लॅम्डा’मध्ये एका विभागात एकाच वेळी चालणाऱ्या फंक्शनची नेहमीची मर्यादा १,००० आहे. प्रत्येक फंक्शनने स्वतःची जोडणी उघडली तर गर्दीच्या दिवशी डेटाबेस गुदमरतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये ‘प्रॉक्सी’ बसवणे. ती मोजक्या जोडण्या उघडून ठेवते आणि आळीपाळीने फंक्शनना वापरायला देते. ॲमेझॉनची अशी सेवा २०२० पासून उपलब्ध आहे.

मग सगळेच हा मार्ग का घेत नाहीत?

खरे उत्तर पैशात आहे. खासगी जाळ्याशी जोडलेल्या फंक्शनला इंटरनेट आपोआप मिळत नाही. त्याला एसएमएस पाठवायचा असेल किंवा पेमेंटची खात्री करायची असेल, तर ‘नॅट गेटवे’ घ्यावा लागतो. त्याचे भाडे तासावर चालते, एकही ग्राहक आला नाही तरी. प्रॉक्सीचेही तेच. ‘वापराल तेवढेच पैसे’ असे सांगून विकलेल्या सेवेत सुरक्षित राहण्याचे भाडे मात्र चोवीस तास भरावे लागते आणि डेटाबेस उघडा ठेवणे स्वस्त पडते. हे गणित उलटे आहे. ते बदलण्याची जबाबदारी क्लाऊड कंपन्यांची आहे. सुरक्षित रस्ता हाच मूळ आणि स्वस्त पर्याय असला पाहिजे. असुरक्षित पर्याय निवडणाऱ्याला जास्त कष्ट पडले पाहिजेत.

तोवर ग्राहकांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. काम दोन फंक्शनमध्ये वाटता येते : एक आत राहून फक्त डेटाबेसशी बोलेल, दुसरे बाहेर राहून इंटरनेटशी. बाहेरचे आतल्याकडे मोजकीच माहिती मागू शकेल. यात नॅट गेटवेचा खर्च टळतो आणि डेटाबेसही उघडा पडत नाही. त्यासाठी थोडा विचार आणि एखाददुसरा दिवस जास्त द्यावा लागतो.

कायद्याने जबाबदारी कोणाची?

क्लाऊड कंपन्यांचे करार ‘सामायिक जबाबदारी’वर उभे आहेत : इमारत, यंत्रे आणि मूळ सेवा कंपनी सांभाळणार; दार उघडे ठेवायचे की बंद, हे ग्राहकाने ठरवायचे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम कंत्राटदाराकडे दिले तरी विदा गोळा करणाऱ्या संस्थेची जबाबदारी सुटत नाही. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. क्षणात नाहीशा होणाऱ्या फंक्शनच्या नोंदी आधीपासून साठवल्या नसतील, तर काय घडले हेच सांगता येणार नाही.

काय करायला हवे?

महापालिका, विद्यापीठे, सहकारी बँका आणि रुग्णालये आपल्या प्रणाली बहुधा बाहेरून बनवून घेतात. निविदेत रंगसंगती आणि मुदत यांच्याबरोबर चार साधे प्रश्न असावेत. डेटाबेसला सार्वजनिक पत्ता आहे का? पासवर्ड कुठे ठेवला आहे? प्रत्येक फंक्शनला कोणते अधिकार आहेत? नोंदी किती दिवस राहतात? यांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत देयक मंजूर होऊ नये. तंत्रज्ञान न कळणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे प्रश्न विचारता येतात. उघड्या डेटाबेसमध्ये ज्यांचा आधार क्रमांक, आजार किंवा कर्ज नोंदलेले असते, त्यांना हे विचारण्याची संधी कधीच मिळत नाही. म्हणून त्यांच्या वतीने ते विचारणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते.