आधी फेर, मग फुगडी
श्रावणात आपल्याकडे मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धा रंगतात. पण स्टेजवर चढल्या चढल्या फुगडी घातली, की पाच मिनिटांत दम लागतो आणि बघणाऱ्याही कंटाळतात. तमाशातसुद्धा गण, गवळण आधी आणि वग शेवटी असतो. तसंच आपणही संथ फेराने सुरुवात करावी, मग टाळ्यांचा झिम्मा, थट्टामस्करीचा पिंगा आणि शेवटी फुगडी. गुडघे दुखणाऱ्या काकूंना गाण्याला बसवावं.

आणि हो मैत्रिणींनो, एक विचारते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीडच्या बायका श्रावणात गावातच असतात. त्यांना आपण खेळायला बोलावतो का? यंदा बोलावूया. शेवटच्या फुगडीत त्यांचे हात आपल्या हातात असले, तर सगळा मांडव उठून उभा राहील!