नाव, अंगठा आणि तोतया



'तोतया' हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पुण्याने एक तोतया असा पाहिला की त्याची आठवण अडीचशे वर्षे झाली तरी बुजली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते खरोखरच गेले याची खात्री पुष्कळांना पटेना. पत्नी पार्वतीबाईंनी तर पतीचे मरण अखेरपर्यंत मानले नाही असे सांगतात. पुढे उत्तरेकडे एक कनोजी ब्राह्मण 'भाऊ तो मीच' म्हणत उभा राहिला. त्याला धरून कैदेत टाकले. पण १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले आणि हजारो माणसे त्याच्यामागे जमली. शेवटी त्याला पकडून पुण्यात आणले, चौकशी केली, तो भाऊ नव्हे असे ठरले आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

एवढे मोठे राज्य, नाना फडणिसांसारखा कारभारी, आणि तरी एका तोतयाने एवढा गोंधळ घातला. का? तर एका माणसाचा मृत्यू पक्का झाला नव्हता म्हणून. जिथे नोंद मोकळी राहते तिथे तोतयाला जागा मिळते. आजच्या जमिनीच्या व्यवहारात नेमके हेच होत आहे, म्हणून ही जुनी हकीकत आधी सांगितली.

आता तुमच्या घरातला सातबारा काढून पाहा. त्यावर आजोबांचे नाव अजून आहे का? आजोबा जाऊन किती वर्षे झाली? "भावाभावांत वाद नाही, मग घाई कशाला" असे म्हणत पुष्कळ घरांत वारसनोंद तशीच राहते. कायदा म्हणतो की वारसाने हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. या तलाठ्यांचेही नाव बदलले आहे बरे का! २०२४ पासून त्यांना 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात. गावात मात्र ते अजून भाऊसाहेबच आहेत.

नोंद झाली नाही तर काय होते? शहरालगतच्या हवेली, मुळशी, मावळ अशा भागांत जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा ठिकाणी लबाड माणूस आधी काय शोधतो, तर ज्याचा मालक मेलेला आहे, परगावी आहे, परदेशी आहे किंवा एकटी म्हातारी बाई आहे असा सातबारा. मग त्या नावाचे खोटे आधारकार्ड तयार होते, त्यावर भलत्याच माणसाचा फोटो येतो आणि तो माणूस दुय्यम निबंधकापुढे उभा राहून 'मीच अमुक' म्हणून अंगठा देतो. मेलेला माणूस असा कागदावर जिवंत होतो आणि खरेदीखत होऊन जाते.

यावर बायामाणसे विचारतात, "सरकारी कचेरीत दस्त झाला म्हणजे सरकारने तपासले नाही का?" इथेच आपली मोठी गैरसमजूत आहे. दुय्यम निबंधक हे पाहतात की दस्तावर ज्याचे नाव आहे तोच समोर आला आहे की नाही. त्यासाठी ओळखदार लागतात, फोटो आणि अंगठा घेतला जातो. जमीन खरोखर त्याच्या मालकीची आहे का, याचा निवाडा ते करत नाहीत. तो अधिकार दिवाणी कोर्टाचा. म्हणून नोंदवलेला दस्त हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. आणि 'ओळखदार' म्हणून सही करण्याची गळ कुणी घातली, चहापाणी आणि शे-दोनशे रुपये देऊ केले, तर तिथूनच मागे फिरावे. नोंदणी कायद्याच्या ८२ व्या कलमाखाली तोतयेगिरीला आणि तिला मदत करणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा ३१९ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे.

पण तोतयाला वाट करून देणारी आणखी एक गोष्ट आपल्याच घरात असते. ती म्हणजे एकाच माणसाची चार नावे. शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग, सातबाऱ्यावर पांडू, सोसायटीच्या कर्जखात्यावर पी. आर., आधारवर इंग्रजीतून उलटे करून काहीतरी तिसरेच. बाईचे तर विचारूच नका. माहेरचे नाव, सासरचे नाव, सासरच्या नावातही लग्नात बदललेले आणि घरी हाक मारायचे वेगळे. हे चालते तोवर चालते. पण पीक विम्याचे पैसे अडले की कळते, आणि नवरा गेल्यावर वारसनोंदीला उभे राहावे लागते तेव्हा तर फारच कळते. 'कागदावरची ती आणि समोरची तू एकच कशावरून?' असे तिलाच विचारले जाते.

यावर इलाज कोणता ते चूक कुठली आहे यावर ठरते. सातबाऱ्यावर लिहिताना अक्षर चुकले असेल, काना-मात्रा गेली असेल, तर ती लेखनप्रमादाची चूक आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे जुन्या फेरफाराची नक्कल जोडून अर्ज करावा. तिथे राजपत्राची गरज नाही. मूल शाळेत शिकत असेल तर मुख्याध्यापकांमार्फत शाळेच्या रजिस्टरातच दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सुटल्यावर तेच काम दसपट अवघड होते. जन्माच्या नोंदीतली चूक ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे.

नाव मुळातच बदलायचे असेल तर मात्र राजपत्र. साताऱ्याच्या मुलींची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचे नाव 'नकुसा' किंवा 'नकोशी' ठेवले, अशा पावणेतीनशेहून अधिक मुली एकट्या सातारा जिल्ह्यात निघाल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून त्यांना नवी नावे व नव्या नावांचे दाखले देण्यात आले. नाव बदलण्याचा हक्क कशासाठी असतो ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आपल्या गावात अशी कुणी मोठी झालेली नकुसा असेल, तर समारंभाची वाट पाहायचे कारण नाही. तिला हे लेखातले एवढे वाचून दाखवा.

रीत अशी. शासकीय मुद्रण व लेखनसामग्री खात्याकडे अर्ज करायचा. अर्ज आता संकेतस्थळावरून होतो आणि तालुक्याच्या सेवा केंद्रातूनही भरता येतो. जुन्या नावाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, बदलाचे कारण आणि ठरलेले शुल्क. मग महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात 'जुने नाव अमुक, नवे नाव तमुक' अशी सूचना छापून येते. तो अंक उतरवून घ्यावा, तीन-चार प्रती काढून ठेवाव्यात आणि त्याच्या आधारे आधार, पॅन, बँक, सोसायटी, सातबारा अशी एकेक जागा बदलत जावे. आधारवरचे नाव जन्मात दोनदाच बदलता येते, म्हणून तिथे घाई करू नये. आधी राजपत्रातली अक्षरे बारकाईने तपासावी, मग पुढे जावे. लग्न झालेल्या बाईने नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. ज्यांना बदलायचे आहे त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला आधी काढावा. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर काम भागते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नवीन जन्मनोंद करताना आईचे नाव शुद्ध लिहिले आहे ना ते पाहा. माझ्या मते ही चांगली गोष्ट झाली. आईचे नाव मधे आले की एका गावात एकाच नावाचे तीन बाबुराव असले तरी त्यांतला नेमका कोणता ते कळेल.

आता राजपत्राविषयी एक सावधगिरी. ते पान पाहून माणूस भारावतो. वरती राजमुद्रा असते. पण नावबदलाच्या सूचना अर्जदाराच्या सांगण्यावरून छापल्या जातात आणि त्यांच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणजे कुणी राजपत्र पुढे करून 'मी पूर्वीचा अमुक, ही जमीन माझी' म्हणाला, तर तेवढ्यावर इसार देऊ नका. जुन्या नावाचा शाळेचा दाखला, जुना फेरफार मागा, त्याच्या गावी जाऊन चौकशी करा. नाव बदलल्याने जमीन कुणाची कुणाला होत नाही आणि कर्जही फिटत नाही. विकास सोसायटीची थकबाकी आणि पोलिसातली तक्रार जुन्या नावावरून नव्या नावावर चालत येते.

कागद भारी दिसला म्हणून तो खरा, ही समजूत तेलगीने कायमची मोडायला हवी होती. अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. त्याने सरकारी मुद्रांक म्हणजे स्टॅंप पेपरच खोटे छापून देशभर विकले. पुण्यातही तो खटला चालला आणि २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची सजा दिली. २०१७ मध्ये तो कैदेत असतानाच वारला.

मग आपल्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे हे कळायचे कसे? खरेदीखत झाले की त्याची खबर फेरफारासाठी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे जाते. ते नोंद धरतात आणि संबंधितांना नोटीस काढतात. हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस चावडीवर लागते आणि 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसते. घरात मोबाइल हाताळणारी मुले आहेत ना? महिन्यातून एकदा त्यांना गावाचे नाव घालून ते पान पाहायला लावा. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या भावाला तर मुद्दाम सांगा. नोटीस घेऊन कोतवाल आला आणि घरी म्हातारी एकटी असली, तरी ती नोटीस फळीवर पडून राहू देऊ नये. मुदतीत लेखी हरकत दिली आणि पोच घेतली की नोंद विवादग्रस्त ठरते, सुनावणी होते. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. खोटा दस्त रद्द करायला दिवाणी दावा, तो कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि पोलिसात फिर्याद पहिल्याच दिवशी. वकील कोणता करायचा यावर घरात महिनाभर खल करत बसू नका.

शेवटी अंगठ्याविषयी. पूर्वी अंगठा म्हणजे अडाण्याची सही, असे म्हणायचे. आता शिकलेल्याचाही अंगठाच पैसे काढतो. काही राज्यांत नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांवरून रबरी ठसे बनवले आणि आधारच्या यंत्रावर लोकांच्या खात्यांतले पैसे काढले, असे प्रकार उघडकीस आले आहेत. यावर सोपा उपाय आहे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात. लागेल तेव्हाच उघडायचे. जमत नसेल तर आधारच्या १९४७ या नंबरावर विचारावे. खात्यातून आपण न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आला, तर बँक उघडायची वाट न पाहता १९३० वर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात. आणि आधारची झेरॉक्स कुणालाही द्याल, मग तो खतवाला असो की सिमकार्डवाला, तर तिच्यावर आडवी रेघ ओढून कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला, एवढे आपल्या हाताने लिहून मग सही करा. सही येत नसेल तर घरातल्या मुलाकडून लिहून घ्या आणि अंगठा त्या लिहिलेल्या ओळीला चिकटूनच उमटवा, मधे कोरी जागा सोडू नका.