अहिंसा म्हणजे मान खाली घालणं नव्हे



गेल्या रविवारी अभिषेक आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात एका ताईंनी गाठलं. "काकू, नातीला कराटेला घातलंत म्हणे? जैनाच्या लेकीनं हात उगारायचा?" चार जणींसमोर वाद नको म्हणून गप्प बसले. उत्तर इथं देते.

नात पंधरा वर्षांची. जूनमध्ये नांदेडहून लातूरला अकरावीला जाणार. आपल्या किती घरच्या मुली तिथं नीटच्या क्लाससाठी राहतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आपण कांदा-बटाटा नसलेली मेस शोधतो, सूर्यास्ताआधी जेवण मिळेल ना ते दहादा विचारतो. पण क्लास सुटल्यावर अंधारात ती रूमवर एकटी कशी येणार? त्यावर आपलं उत्तर एवढंच, "सांभाळून जा गं." सांभाळून म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

आता धर्माचं. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावक पूर्ण त्याग करतो तो संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून, मुद्दाम केलेल्या हिंसेचा. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या रक्षणासाठी नाइलाजानं जे घडतं ते विरोधी. मुनींचं महाव्रत वेगळं, आपलं अणुव्रत वेगळं. मग मुनींचा नियम आपण फक्त पोरींनाच का लावतो? पोरगा जिमला जातो तेव्हा कुणी विचारत नाही.

बाहुबलींची कथा आठवा. मल्लयुद्धात त्यांनी भरताला वर उचललं, पण आपटलं नाही. पुढं राज्य सोडून तपाला गेले. ज्याच्या अंगात उचलायची ताकद होती, त्यानं न आपटणं ही क्षमा. ज्याला उचलताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला क्षमा कसं म्हणायचं? ही कथा आदिपुराणात सांगणारे आचार्य जिनसेन राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानतात. म्हणजे हे आपल्याच मातीतलं आहे.

कराटे या शब्दाचा अर्थच रिकामा हात. ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशींनी १९२२ साली टोकियोत ते लोकांना दाखवलं. त्यांचा एक मुख्य नियम असा, की आपण होऊन पहिला वार करायचा नाही. कायदाही तेच सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४ स्वसंरक्षणाचा हक्क देतं, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा देत नाही. मला तर हे अणुव्रताच्या जवळचंच वाटतं.

कोणती शैली, असं बऱ्याच जणी विचारतात. फुनाकोशींच्या परंपरेतली शोतोकान म्हणजे लांब पाऊल, सरळ फटका. गोजू-र्‍यू जवळून अडवणं आणि श्वासावर भर देते. शितो-र्‍यूत काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पुष्कळ. वादो-र्‍यूत अंग चुकवून बाजूला सरकणं महत्त्वाचं. क्योकुशिनमध्ये अंगावर खरे फटके बसतात, म्हणून नवशिकीनं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत. बाकी चारांपैकी गावात जी नीट शिकवत असतील ती घ्यावी. शैलीपेक्षा शिकवणारा पाहा. तास बसून बघू देतो का? वर्गात मुली टिकतात का? स्पर्श करण्याआधी सांगतो का? अडवणं आणि सुटून पळणं शिकवतो, की नुसती मेडलं दाखवतो?

आणि हिशेब करा, मी बी.कॉम. उगाच नाही. एका ठिकाणी महिन्याची फी कमी सांगितली. वहीत मांडलं तर ड्रेस, पट्ट्यांच्या परीक्षा, सर्टिफिकेट धरून वर्षाचा आकडा फीच्या दुप्पट झाला. उठून आले. दुसरीकडे "अंडी खाल्ल्याशिवाय ताकद येत नाही" असं ऐकवलं. आमच्या घरी दूध, फुटाणे, दाण्याचे लाडू आहेत म्हटलं. आणि हो, पट्टा चामड्याचा नसतो, सुती असतो. तीही शंका एकीनं काढली होती.

शेवटी एक कबुली. सकाळच्या बॅचला नातीबरोबर मीही उभी राहते, पांढरा पट्टा बांधून. गुडघे वाकत नाहीत, सर मला उंच उभं राहूनच करू देतात. ते जमलं. जमलं नाही ते ओरडणं. फटक्याबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो, आणि पंधरा दिवस माझ्या तोंडून तो निघेचना. साठ वर्षं हळू बोलायचीच सवय. नातीचा पहिल्याच दिवशी निघाला.

तिचा तो आवाज कुणी दाबू नये, एवढंच म्हणणं आहे. त्या ताईंनाही सांगा, त्यांच्या लेकीला घेऊन या. बॅच सकाळी सहाची आहे, सामायिक करूनही पोचता येतं.